चूर्णातला ठिपका

मथुरेनं चूर्ण कुटायला घेतलं की त्याचा वास स्वयंपाकघरातून थेट बाहेरच्या खोलीत यायचा आणि अनसूयेचं डोकं उठायचं. वासात वाईट असं काही नव्हतं. मेथी, जांभळाच्या बिया, वाळवलेल्या कारल्याच्या चकत्या, बेलाची पानं आणि अळणावरकडच्या रानातून आणलेला मधुनाशिनीचा पाला. धारवाडच्या फार्मसी कॉलेजात अनसूया याच पाल्याबियांवर पोरांना शिकवायची. "आधी नाक वापरा रे, मग यंत्र," असं वर्गात बजावायची. तोच वास हुबळीच्या कमरीपेठेतल्या सासरच्या घरी धाकट्या जावेच्या हातांना येऊ लागला, तेव्हा मात्र तिच्या अंगाचा तिळपापड होऊ लागला.

मत्सर हा काही अडाणी माणसांनाच होणारा आजार नाही. एम. फार्म. झालेल्या बाईलाही तो होतो, आणि शिकलेल्या माणसाला झाला की जास्त चिघळतो, कारण शिकलेलं माणूस त्याला मत्सर म्हणायला तयारच नसतं. अनसूया त्याला शास्त्रीय शंका म्हणत होती.

शंकेच्या मुळाशी होत्या सासूबाई. मिरजेकडून येऊन जुन्या हुबळीत भांड्यांचं दुकान थाटलेल्या घरातली ही ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. नवरा गेल्यावर बाळकृष्ण आणि संतोष या दोन्ही मुलांना तिनं दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच वाढवलं. सगळी कमरीपेठ तिला अंबूताई म्हणायची. अनसूया थोरल्या बाळकृष्णाची बायको होऊन आली तेव्हा तिचं शिक्षण अर्धवट होतं आणि आई लहानपणीच गेलेली होती. "शिकू दे की पोरीला. भांडी पुसायला घरात माणसं काय कमी आहेत?" असं म्हणून अंबूताईंनी तिला धारवाडच्या बसमध्ये बसवलं. परीक्षेच्या दिवसांत तिच्या केसांना तेल चोळलं, तिच्या तान्ह्या स्नेहाला कुशीत घेऊन झोपल्या, आणि आल्यागेल्याला सांगत राहिल्या, "आमच्या अनसूचं डोकं म्हणजे डोकं." अनसूया त्यांना आत्याबाई म्हणायची, पण मनात शब्द दुसराच असायचा. तो तिनं कधी तोंडावर आणला नाही.

सत्त्याण्णव साली बाळकृष्णानं आणि तिनं धारवाडला मळमड्डीत घर घेतलं. कॉलेज जवळ, स्नेहाची शाळा जवळ. त्या घरात खालची पूर्वेकडची खोली अनसूयेनं आत्याबाईंसाठी ठेवली. पलंग बुटका करून घेतला, न्हाणीघर खोलीला लागून काढलं, खिडकीबाहेर चाफा लावला. उगादीला, म्हणजे पाडव्याला, त्या येणार असं ठरलं होतं. उगादी गेली. मग म्हणाल्या, पावसाळा होऊ दे. मग एका रविवारी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी इथंच बरी आहे बाई. मथुरेच्या चूर्णावर मी उभी आहे. तिथं मळमड्डीत मला कोण देणार ते?"

ते वाक्य अनसूयेच्या काळजात जाऊन बसलं.

मथुरा म्हणजे संतोषची बायको. अळणावरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. सातवीनंतर शाळा सुटलेली, उंच, काळीसावळी, बोलायला लागली की आधी हसायची. लग्न होऊन चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. संतोषचं दुकानात लक्ष नव्हतं. दुकानापेक्षा चहाच्या टपरीवर तो जास्त सापडायचा. नातेवाईक बायका मथुरेकडे बघून उसासे टाकायच्या आणि तिच्या हातचं पोटभर जेवून जायच्या. अनसूयेलाही तेव्हा तिची कीवच यायची. कीव करायला सोपं असतं, समोरचा आपल्यापेक्षा खाली असतो तोवर.

मग मथुरेनं माहेरी आजोबांकडून शिकलेलं चूर्ण केलं. अंबूताईंना साखरेचा विकार जुना. अनसूया दर महिन्याला धारवाडहून त्यांच्या गोळ्या आणायची आणि अंबूताई त्या आठवण झाली तर घ्यायच्या. गोळी म्हटली की त्यांच्या घशाला काय व्हायचं कोण जाणे, गिळताच यायची नाही, कुटून पाण्यातून घ्यावी लागायची. मथुरेचं चूर्ण सुरू झालं आणि त्यांनी जाहीर केलं, "गोळ्या बंद. आता हे एवढंच." अनसूयेनं आकांत केला. अंबूताई म्हणाल्या, "तू आणायच्या त्या आण, कपाटात ठेव. लागल्या तर घेईन." आणि दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर काय, साखर सरळ आलेली! इतकी सरळ की डॉक्टरनं अंबूताईंना हसून विचारलं, "काय अज्जी, कुणाचं औषध?"

"आमच्या मथुरेचा हात गुणाचा," अंबूताई म्हणाल्या.

तेव्हापासून तेच वाक्य चाललं होतं. अनसूचं डोकं कुठल्या कुठे गेलं. कमरीपेठेतल्या बायका डबे घेऊन दारात यायला लागल्या, मग जुन्या हुबळीतूनही यायला लागल्या. मथुरा पदर खोचून कुटायची, चाळायची, पुड्या बांधायची. आता उसासे टाकणाऱ्या बायका तिला 'मथुराक्का' म्हणायला लागल्या होत्या. आणि अनसूया रविवारी धारवाडहून यायची ती बाहेरच्या खोलीत पाहुणीसारखी बसून हे सगळं बघायची. तिच्या पोटात दुखायचं. चूर्ण खरंच गुणाचं असेल तर आनंदच व्हायला हवा होता, म्हातारीची साखर उतरली होती. पण आनंद काही होत नव्हता. साखर वाढली असती तर बरं, असा एक विचार एकदा तिच्या मनात येऊन गेला. त्याची तिला इतकी लाज वाटली की त्या दिवशी तिनं अंबूताईंचे पाय जरा जास्तच वेळ चेपले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, अंबूताई न्हाणीघरात असताना, तिनं त्यांच्या पलंगाशेजारचा पितळी डबा उघडला आणि दोन चमचे चूर्ण रुमालात बांधून घेतलं. घरात कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. चोरी करून पळाल्यासारखं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती.

औषधी चूर्णात गोळ्या मिसळून विकणारे लोक तिला माहीत होते. जत्रेत, बाजारात असले वैदू असतात. रोग्याला गुण दिसतो आणि नाव पाल्याचं होतं. ते पकडायची रीत सोपी आहे. चूर्ण मेथनॉलमध्ये भिजवायचं, गाळायचं, आणि त्या अर्काचा एक थेंब काचेच्या पट्टीवरच्या पांढऱ्या लेपावर ठेवायचा. शेजारी शुद्ध औषधाचा थेंब. पट्टी द्रावणात उभी केली की द्रावण लेपातून वर चढतं आणि थेंबातला एकेक पदार्थ आपापल्या उंचीवर नेऊन सोडतं. मग अंधाऱ्या पेटीतल्या दिव्याखाली बघायचं. दोन ठिपके एका उंचीवर आले की चोर सापडला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत अनसूयेनं पट्टी पेटीत सरकवली. चूर्णाच्या बाजूला हिरवे-पिवळे पट्टेच पट्टे उमटले होते, पाल्यातलं काय काय आपापल्या जागी बसलेलं. आणि त्या गर्दीत, शुद्ध ग्लिबेनक्लामाइडच्या, म्हणजे साखर उतरवणाऱ्या गोळीतल्या औषधाच्या, ठिपक्याच्या बरोब्बर शेजारी, तेवढ्याच उंचीवर, एक गडद ठिपका.

"सापडली!" असं ती मोठ्यानं म्हणाली.

तिचे विभागप्रमुख वादिराज सर दारातून आत आले. धारवाडचेच, कन्नड घरातले, निवृत्तीला टेकलेले, आणि कुठल्याही आनंदावर आधी एक प्रश्न विचारणारे. त्यांनी चष्मा वर करून पट्टी पाहिली. मग चूर्णाचा आणि शुद्ध औषधाचा थेंब एकावर एक ठेवून पुन्हा पट्टी चालवायला लावली. ठिपका एकच आला, म्हणजे औषध तेच.

"हौदु, आहे खरं," ते म्हणाले. "कुणाचं चूर्ण?"

"आहे एक बाई. हुबळीत. गावाला फसवतेय."

"सँपल कुठून घेतलं?"

"रोग्याच्या डब्यातून."

"नोडि, बघा मॅडम, रोग्याचा डबा म्हणजे रोग्याचा डबा. त्यात रोग्याचा हात पण गेलेला असतो." ते खुर्चीवर टेकले. "तुम्हीच पोरांना शिकवता ना, नमुना घ्यायचा तर करणाऱ्याकडचा घ्या, आणि दुसऱ्याकडचाही? एका डब्यावर फाशी देऊ नका कुणाला."

अनसूयेला त्यांचा राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. पण दुसरा नमुना म्हणजे दुसरा पुरावा, आणि पुरावे दोन झाले तर वाईट काय, असं म्हणून तिनं पुढच्या रविवारी बाबाजीचं घर गाठलं.

बाबाजी शिंपी कमरीपेठेतच गल्लीच्या तोंडाशी मशीन घेऊन बसायचा. अंबूताईंच्या चोळ्या वर्षानुवर्षं त्याच्याच हातच्या. साखर त्यालाही होती. अनसूया गेली तेव्हा तो मशीनवर नव्हता, आतल्या खोलीत एक पाय स्टुलावर ठेवून बसला होता. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

"या मास्तरीणबाई! पाय काय, मशीनच्या पायट्यानं जरा सोलला. भरेल की," तो म्हणाला. "मथुराक्काचं चूर्ण चालूच आहे. गोळ्या सोडल्या मी. अंबूताई सोडतात तर मी काय मूर्ख म्हणून खाऊ?"

"कधी सोडल्यात?"

"झाले की महिने. बघा, ही पुडी. अंबूताईंचा डबा भरला त्याच दिवशी बांधून दिली होती. एकाच कुटणातली."

फडक्याच्या कडेनं अंगठ्याचा रंग दिसत होता. तो रंग चांगला नव्हता. अनसूयेनं तो पाहिला. "डॉक्टरना दाखवा हं," असं ती म्हणाली, आणि पुडीतलं चूर्ण मागून घेऊन उठली. एकाच कुटणातली! याहून चांगला नमुना मिळाला नसता. ती इतक्या घाईत निघाली की बाबाजीनं मागवलेला चहा तसाच राहिला.

बाबाजीच्या चूर्णाची पट्टी तिनं स्वतः दोनदा चालवली. हिरवे-पिवळे पट्टे तेच, तसेच, त्याच जागी. गडद ठिपका नाही. एकदाही नाही.

कुणी शहाणं माणूस असतं तर इथं थांबलं असतं. अनसूया थांबली नाही, तिचं डोकं आता भलत्याच वेगानं धावत होतं. म्हणजे मथुरा गावाला साधं चूर्ण देते, आणि आत्याबाईंच्या एकट्या डब्यात गोळ्या कुटून घालते. कशासाठी? साखर उतरावी, म्हातारीनं 'हात गुणाचा' म्हणावं, आणि मळमड्डीची खोली रिकामी राहावी म्हणून! आणि त्या गोळ्या कुठल्या, तर अनसूयेनंच धारवाडहून आणलेल्या. म्हणजे औषध हिचं आणि नाव तिचं! हे लक्षात आलं तेव्हा अनसूयेच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो आठवडा तिनं वर्गात काय शिकवलं ते पोरांनाच ठाऊक. ती फक्त रविवारची वाट बघत होती.

रविवारी ती एकटीच आली, दोन्ही पट्ट्या कागदात गुंडाळून. अंबूताई सिद्धारूढ मठात गेल्या होत्या. संतोष टपरीवर. मथुरा स्वयंपाकघरात चाळणीखाली परात धरून बसली होती.

"अक्का! बसा की. चहा टाकते," ती हसून म्हणाली.

"हसू नकोस. आत्याबाईंच्या डब्यात काय घालतेस तू?"

"चूर्ण."

"आणखी?"

"आणखी काय, अक्का?"

अनसूयेनं पट्ट्या तिच्यासमोर ओट्यावर ठेवल्या. दिव्याच्या पेटीशिवाय त्यांवर काही दिसत नव्हतं, पण ते तिच्या लक्षातही आलं नाही. ती भडाभडा बोलत सुटली. ठिपका, गोळ्या, बाबाजीची पुडी, फसवणूक. "मूल नाही, नवऱ्याचं लक्ष नाही, म्हणून म्हातारीला बांधून घ्यायचं काय असलं काहीतरी करून? जीव गेला असता त्यांचा!" ती म्हणाली. हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो, पण ते परत घेण्याइतकी ती शुद्धीवर नव्हती.

मथुरेचे हात परातीवरच राहिले. "अक्का, म्या गोळ्यांना हात बी लावला न्हाई. आईची शप्पथ," ती म्हणाली. "मला काय बी कळंना तुम्ही काय म्हणताय."

"तिला कशाला विचारतेस? मला विचार."

अंबूताई दारात उभ्या होत्या, हातात मठातला प्रसाद. चप्पलही काढायची राहिली होती.

"मी घालते गोळ्या," त्या म्हणाल्या. "तू आणलेल्या. ही दर महिन्याला डबा भरते, मी दार लावून खलात गोळ्या कुटते आणि डब्यात कालवते. हळद-तिखट कालवण्यात जन्म गेला माझा, सगळीकडे सारखं लागतं."

"सारखं लागतं?" अनसूया किंचाळलीच. "एका चमच्यात चार गोळ्या आल्या असत्या तर? तुम्ही झोपेतच गेला असता! कशासाठी केलंत हे?"

अंबूताई पाटावर बसल्या. प्रसादाची पुडी मांडीवर ठेवली. "या पोरीला या घरात कोण विचारत होतं, सांग. चार वर्षं ती जेवण वाढतेय आणि बायका तिच्या पोटाकडे बघतायत. तिनं हे चूर्ण केलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा तेज आलं. मी पंधरा दिवस नुसतं तेच घेतलं. काही झालं नाही, उलट चक्कर यायला लागली. मग काय सांगू तिला, तुझं यातही काही नाही म्हणून? समोर गोळी घेतली की तिचं तोंड एवढंसं होणार. म्हणून डब्यातच घातली. चार माणसं तिला विचारायला लागली. पोरगी ताठ चालायला लागली. तुझ्या गोळ्यांचा एक दिवस चुकवला नाही गं मी, अनसू. पूर्वी चुकवायची, आता नाही."

"आणि माझं काय?" अनसूया म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा आला.

"तुला काय कमी आहे? नोकरी आहे, घर आहे, मुलगी आहे. तुला मी कशाला उभं करू? तू उभीच आहेस."

यावर अनसूयेला पुष्कळ बोलायचं होतं. उभ्या असलेल्या माणसालाही कुणीतरी लागतं, हे बोलायचं होतं. त्याऐवजी तिनं हाताशी असलेलं सगळ्यात मोठं हत्यार उचललं. "तुमच्यावर विश्वास ठेवून बाबाजीनं गोळ्या सोडल्यात. त्याच्या पुडीत नुसता पाला आहे. त्याचा अंगठा काळा पडलाय, आत्याबाई."

अंबूताईंचा चेहरा उतरला तो बघवेना. चूर्ण घरोघरी जात होतं हे त्यांना दिसत होतं, कौतुकानंच दिसत होतं. ते घेणारे आपल्याकडे बघून गोळ्या सोडतील, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तू कधी पाहिलास?"

"गेल्या रविवारी."

"आज पुन्हा रविवार आहे." त्या अनसूयेकडे बघत राहिल्या. "आठवडाभर तू काय करत होतीस?"

अनसूयेजवळ उत्तर होतं. काचेच्या पट्ट्या चालवत होते.

मथुरा हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या चूर्णात काहीच न्हाई, अक्का?"

पट्टीवर हिरवे-पिवळे कितीतरी पट्टे होते. त्यांतला एकेक काय आहे, त्यानं साखर किती उतरते, उतरते की नाही, हे शोधायला महिने लागले असते. अनसूयेनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिला एकच ठिपका हवा होता. "ते मी तपासलंच नाही," ती म्हणाली. वर्षानुवर्षांच्या शिकवण्यात इतकं खरं वाक्य तिनं क्वचितच उच्चारलं असेल.

अंबूताई उठल्या त्या तशाच चालत बाबाजीच्या घरी गेल्या. मागे दोघी सुना. गल्लीच्या तोंडाशी चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोरच त्यांनी सांगितलं, "बाबाजी, मी खोटं बोलले. माझी साखर गोळ्यांनी उतरली, चूर्णानं नाही. मथुरेला यातलं काही माहीत नव्हतं. चूक माझी." बाबाजी आधी हसला, त्याला चेष्टा वाटली. मग अंबूताई हात जोडून उभ्याच राहिल्या तेव्हा त्याचं हसू गेलं. अनसूयेनं रिक्षा बोलावली आणि संतोषला टपरीवरून उठवून आणलं. दवाखान्यात डॉक्टरनं फडकं सोडलं आणि म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. अंगठा गेला. पाऊल राहिलं. त्या आठवड्यात कमरीपेठेतल्या घरोघर फिरून अंबूताईंनी तेच सांगितलं, आणि लोक काय काय बोलले ते मान खाली घालून ऐकून घेतलं. चुलीजवळचे चूर्णाचे डबे लोकांनी आणून मथुरेच्या दारात ठेवले. काहींनी तर नुसते टाकले.

नंतरच्या रविवारी अनसूया आली ती मनात ठरवूनच. आता आडकाठी कसली राहिली? चूर्णाची गोष्ट संपली, गोळ्या धारवाडलाही मिळतात. तिनं विषय काढला. "आत्याबाई, झालं ते झालं. खोली तयार आहे. आता चला माझ्याबरोबर."

"येणारच होते गं मी, दिवाळीला," अंबूताई म्हणाल्या. "तुला सांगितलं नव्हतं. हिचं चूर्णाचं बस्तान बसलं, दारात चार माणसं यायला लागली, की हिला माझी गरज राहणार नव्हती. मग मी सुटले असते. तुझ्याकडे राहायला मला काय नको होतं? चाफा लावलायस म्हणे खिडकीशी."

"मग आता?"

"आता कशी येऊ? आता तर हिच्याकडे काहीच उरलं नाही."

आतून परात पडल्याचा आवाज झाला. मथुरा दारातच होती, तिनं ऐकलं होतं. आठवडाभर ती रडली नव्हती, आता मात्र भिंतीला धरून खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. अंबूताई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, तिच्याजवळ जाऊन बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं. पदरानं तिचं तोंड पुसलं. तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवत राहिल्या आणि 'उगी, उगी' म्हणत राहिल्या.

अनसूया समोर उभी राहून बघत होती. ती जिंकली होती, पुरावा तिचा होता, आणि गावानंही तो मानला होता. त्या मांडीकडे बघताना तिला वाटलं, अशी फजिती आपली झाली असती तर किती बरं झालं असतं.